वेगाचा वृद्ध उपासक : बर्ट मन्रो

‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हे चित्रपटाचे नाव प्रथम ऐकणाऱ्या मराठी माणसाची हमखास फसगत होते. हा कोणी भारतीय धावपटू असावा, असे त्याला वाटते. वास्तविक ‘इंडियन’ हे एका अमेरिकन मोटरसायकलचे नाव आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेल्या या कारखान्याने आपल्या यंत्राला अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून हे नाव दिले. अशाच एका ‘इंडियन’वर आयुष्याची सुमारे सत्तावन्न वर्षे वाहणारा मनुष्य ना अमेरिकन होता, ना भारतीय. तो न्यूझीलंडच्या दक्षिण टोकावरील इन्व्हरकारगिल या शहराचा रहिवासी होता. त्याचे नाव हर्बर्ट जेम्स मन्रो. जग त्याला बर्ट मन्रो म्हणून ओळखते.

अँथनी हॉपकिन्स यांनी २००५ साली पडद्यावर रंगवलेला प्रेमळ, विक्षिप्त म्हातारा अनेकांच्या स्मरणात आहे. तथापि दोन तासांच्या चित्रपटात न मावलेले मन्रो यांचे आयुष्य अधिक दीर्घ, अधिक खडतर आणि काही बाबतींत अधिक विचारात पाडणारे आहे.

मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी झाला. त्यांच्या जुळ्या बहिणीचा जन्मतःच मृत्यू झाला आणि हे मूलही दोन वर्षांपलीकडे जगणार नाही, असे डॉक्टरांनी आईवडिलांना सांगून टाकले होते. ते भाकीत मुलाने खोटे ठरवले. इन्व्हरकारगिलच्या ईशान्येस असलेल्या ईडनडेल या गावी वडिलांच्या शेतावर त्याचे बालपण गेले. स्कॉटिश वसाहतकारांनी वसवलेला साउथलंड हा प्रदेश. थंड वारा, ओल्या कुरणांचा विस्तार आणि कष्टाची सवय हे तेथील जीवनाचे स्वरूप. शेतावरच्या संथ दिनक्रमात या मुलाचे मन रमत नसे. वेगवान घोडा आणि पुढे मोटरसायकल यांचे त्याला वेड होते, आणि घरच्यांना त्या वेडाचे फारसे कौतुक नव्हते.

वडिलांनी १९१९ साली शेत विकल्यावर मन्रो काही काळ ओटिरा बोगद्याच्या कामावर गेले. सदर्न आल्प्स पर्वताच्या पोटातून रेल्वेसाठी साडेआठ किलोमीटर लांबीचा मार्ग खोदण्याचे ते प्रचंड काम होते. वडिलांनी नवे शेत घेतल्यावर त्यांना परत बोलावण्यात आले. मात्र या परतण्यामध्ये एक घटना घडली होती, जिने पुढील सर्व आयुष्याची दिशा ठरवली. १९२० साली इन्व्हरकारगिलमधील एका गॅरेजातून त्यांनी नवी कोरी ‘इंडियन स्काउट’ विकत घेतली. तिच्या इंजिनावर ५०आर६२७ हा क्रमांक होता.

ही स्काउट चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने रचलेली, सुमारे ६०० सीसीची, ‘व्ही’ आकारात मांडलेल्या दोन सिलिंडरांची गाडी होती. तीन गिअर हाताने बदलावे लागत, क्लच पायाने दाबावा लागे आणि ब्रेक केवळ मागच्या चाकाला असे. कारखान्यातून निघताना तिचा कमाल वेग ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर होता. कच्च्या रस्त्यांवर रोजच्या प्रवासासाठी ती विश्वासू गाडी म्हणून नावाजलेली होती. शर्यतीचे यंत्र म्हणून तिच्याकडे कोणी पाहिले नसते.

मन्रो मात्र तसे पाहत होते. विसाव्या दशकात त्यांनी ऑस्ट्रेलियात स्पीडवेच्या शर्यतींत व्यावसायिक स्पर्धक म्हणूनही नशीब आजमावले. महामंदीने त्यांना पुन्हा वडिलांच्या शेतावर आणले आणि त्यानंतर त्यांनी मोटरसायकलविक्रेता व मेकॅनिक म्हणून नोकरी धरली. १९२७ साली त्यांचे लग्न झाले. संसारात चार मुले झाली. दिवसा दुकान आणि रात्री स्काउट असा क्रम सुरू झाला तो याच काळात. १९२६ पासून त्यांनी गाडीत फेरफार करण्यास आरंभ केला होता. पुष्कळदा रात्रीचे काम पहाटेपर्यंत चाले आणि माणूस तसाच दुकानात जाई.

या कामाचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. वेगाच्या क्षेत्रात एक कठोर नियम आहे. वाहनाचा वेग दुप्पट करायचा, तर हवेचा रोध ओलांडण्यासाठी सुमारे आठपट शक्ती लागते. वेग तिप्पट करायचा, तर सत्तावीसपट. ताशी ५५ मैलांच्या गाडीकडून त्याच्या तिपटीहून अधिक वेग मिळवायचा, याचा अर्थ तिच्या मूळ इंजिनाचा जवळजवळ प्रत्येक भाग नव्याने घडवणे. कारखान्यांकडे त्यासाठी प्रयोगशाळा, अभियंते आणि पैसा असतो. मन्रो यांच्याकडे एक शेड, काही हत्यारे आणि रात्रीचा वेळ होता.

ते पिस्टन स्वतः ओतत. जुने मिश्रधातू वितळवून, साध्या डब्यांचा साचा म्हणून उपयोग करून त्यांनी असंख्य पिस्टन तयार केले. सिलिंडर त्यांनी गॅसवाहिनीच्या टाकाऊ ओतीव लोखंडी नळांतून कोरून काढले. कनेक्टिंग रॉडसाठी जड वाहनाच्या जुन्या आसाचे पोलाद घेऊन ते हाताने कापले, कानशीने घासले आणि आकारास आणले. फ्लायव्हील, कॅम, वंगणाची व्यवस्था, सारे घरीच. मोजमापासाठी चाकाच्या जुन्या आरीपासून बनवलेले साधन ते वापरत. मूळ स्काउटमध्ये व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. त्यामुळे इंधनमिश्रित हवेला आत शिरताना वळण घ्यावे लागे. मन्रो यांनी ती रचना बदलून व्हॉल्व्ह सिलिंडरच्या माथ्यावर आणले आणि दोन कॅमांच्या जागी चार कॅमांची योजना केली. औपचारिक अभियांत्रिकी शिक्षण नसलेल्या माणसाने हे केले, हे विशेषच. परंतु त्याहून विशेष म्हणजे त्यांनी ते चुका करत करत केले.

चुका पुष्कळ झाल्या. पिस्टन वितळले, रॉड तुटले, सिलिंडर फुटले. असे प्रत्येक मोडलेले पुर्जे ते फेकून देत नसत. शेडमधील एका फळीवर त्यांची ओळीने मांडणी केलेली असे, आणि हे सारे वेगाच्या देवाला वाहिलेले नैवेद्य आहेत अशा अर्थाचा मजकूर त्या फळीवर रंगवलेला होता. त्यात विनोद होता, तसेच कामाचे तत्त्वही होते. मोडलेला पुर्जा कोठे व कसा मोडला हे पाहिल्याशिवाय पुढचा पुर्जा टिकाऊ होत नाही. फुकट गेलेल्या रात्रींची ती फळी म्हणजे त्यांची वहीच होती.

शरीरानेही बराच नैवेद्य दिला. १९२७ साली मेलबर्नच्या अॅस्पेंडेल मैदानावर भरधाव गाडीवरून पडून त्यांच्या डोक्याला गंभीर मार बसला. १९३७ साली समुद्रकिनाऱ्यावरील शर्यतीतील अपघातात त्यांचे सर्व दात गेले. तरी पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, त्यांनी न्यूझीलंडचा आपला पहिला वेगविक्रम नोंदवला. पुढे त्यात आणखी सात विक्रमांची भर पडली. यांपैकी कित्येक धावांची भूमी होती इन्व्हरकारगिलजवळचा ओरेटी समुद्रकिनारा. ओहोटीनंतर घट्ट झालेली मैलोगणती सपाट वाळू हाच त्यांचा धावमार्ग. स्काउटच्या जोडीला १९३६ सालची एक ‘व्हेलोसेट’ही त्यांच्याकडे होती आणि तिच्यावरही तितकेच हात चालत.

येथवर ही एका ध्यासाची कथा आहे. पण ध्यासाची किंमत केवळ तो बाळगणाराच मोजतो असे नाही. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मन्रो यांचा संसार मोडला. घटस्फोटानंतर त्यांनी नोकरी सोडली आणि इन्व्हरकारगिलमधील बेनफील्ड रोडवर एका साध्या शेडमध्ये राहण्यास गेले. एकीकडे त्यांचा पलंग, दुसरीकडे मोटरसायकली, मध्ये हत्यारे. घर आणि कारखाना यांतील भेदच तेथे संपला. चार मुलांचा बाप पन्नाशीच्या उंबरठ्यावर अशा रीतीने राहू लागतो, तेव्हा त्याच्या स्वातंत्र्याचे जितके कौतुक वाटते तितकेच त्या घरातील इतर माणसांचाही विचार मनात येतो. जी माणसे रात्री वाट पाहत राहिली, त्यांचे नाव कोणत्याही विक्रमाच्या यादीत नाही. मन्रो यांच्या चरित्रातील ही बाजू चित्रपटाच्या उबदार प्रकाशात फारशी दिसत नाही. ती झाकण्याचे कारण नाही. मुलांशी त्यांचे नाते मात्र तुटले नाही, याचा एक अनपेक्षित पुरावा त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी मिळायचा होता.

पन्नाशी उलटल्यावर सामान्यतः माणूस कामाचा पसारा आवरू लागतो. मन्रो यांचे खरे काम तेव्हा सुरू झाले. पन्नासच्या दशकात ते प्रथम अमेरिकेतील युटा राज्यातल्या बॉनव्हिल येथे गेले, तेव्हा केवळ पाहण्याचा हेतू होता. बॉनव्हिल हे एका प्राचीन सरोवराचे वाळलेले पात्र. पाणी आटल्यावर मागे राहिलेल्या मिठाचा कठीण, पांढराशुभ्र थर क्षितिजापर्यंत पसरलेला. वेंडोव्हर या लहानशा गावाजवळचे हे मैदान जगातील वेगवेड्यांचे तीर्थक्षेत्र झाले होते. ओरेटीच्या वाळूवर भरती येते, वारा येतो, धावमार्ग संपतो. येथे मार्ग संपत नव्हता. आपल्या गाडीत खरोखर किती वेग आहे हे कळण्याची जागा हीच, हे त्यांनी ओळखले.

याच सुमारास एका अमेरिकन मासिकात त्यांच्या ‘बर्ट’ या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने चुकीचे छापून आले. मन्रो यांनी तक्रार केली नाही. तेच स्पेलिंग स्वीकारून टाकले. याच काळात त्यांना हृदयविकाराचा त्रासही सुरू झाला. साठीकडे झुकलेला, छातीत कळा येणारा, उत्पन्न जेमतेम असलेला मनुष्य पॅसिफिक महासागर ओलांडून चाळीस वर्षे जुनी मोटरसायकल जगातील सर्वांत वेगवान मैदानावर नेण्याचे मनसुबे रचत होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते हास्यास्पद वाटले असल्यास नवल नाही.

१९६२ साली ते स्काउटसह बॉनव्हिलला पोहोचले. वय त्रेसष्ट. गाडीभोवती त्यांनी माशाच्या आकाराचे, हवेला वाट करून देणारे फायबरग्लासचे कवच बसवले होते. त्याच्या आत ते पालथे पडल्यासारखे झोपून गाडी चालवत. मूळचे ६०० सीसीचे इंजिन आता ८५० सीसीचे झाले होते. ८८३ सीसीपर्यंतच्या गटात त्यांनी ताशी १७८.९५ मैल, म्हणजे २८८ किलोमीटरचा विक्रम नोंदवला. त्या मैदानावर त्यांना रोली फ्री आणि मार्टी डिकरसन यांच्यासारखे नामवंत अमेरिकन मोटरसायकलपटू मित्र म्हणून लाभले. फ्री यांनी स्वतः १९४८ साली तेथे केवळ पोहण्याच्या पोशाखात गाडीवर आडवे होऊन विक्रम केला होता. परक्या देशात, तुटपुंज्या पैशांवर आलेल्या या म्हाताऱ्याला त्यांनी आपल्यांत सामावून घेतले. परदेशी पहिले पाऊल ठेवणाऱ्याला हक्काने मदत करणारी चार माणसे भेटली की पुढचे सर्व कसे सोपे होते, हे परदेशस्थ मराठी वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर बॉनव्हिलची वारीच सुरू झाली. पहिल्या भेटीसह ते एकूण दहा वेळा तेथे गेले आणि नऊ वेळा धावले. १९६६ साली ९२० सीसीच्या इंजिनावर १००० सीसीच्या गटात त्यांनी ताशी १६८.०६६ मैलांचा विक्रम केला. पुढच्या वर्षी इंजिन ९५० सीसीपर्यंत वाढवून ते पुन्हा हजर झाले. ऑगस्ट १९६७ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी ताशी १८३.५८६ मैल, म्हणजे २९५.४५३ किलोमीटर असा विक्रम प्रस्थापित केला. विक्रमासाठी वाऱ्याचा फायदा निघून जावा म्हणून दोन उलट दिशांच्या धावांची सरासरी धरली जाते. पात्रतेसाठी केलेल्या एकेरी धावेत त्यांचा वेग ताशी १९०.०७ मैल, म्हणजे ३०५.८९ किलोमीटर भरला होता. ‘इंडियन’ मोटरसायकलवर तोवर अधिकृतपणे नोंदला गेलेला तो सर्वोच्च वेग होता. तोपर्यंत स्काउट सत्तेचाळीस वर्षांची झाली होती आणि तिला जन्म देणाऱ्या कारखान्यातील उत्पादन थांबून चौदा वर्षे लोटली होती.

हे आकडे सुटसुटीत दिसतात; त्यांमागचा क्षण तसा नव्हता. त्याच वर्षीच्या एका धावेत निम्मे अंतर पार झाल्यावर गाडी थरथरू लागली. वेग कमी करण्यासाठी मन्रो कवचातून वर उठले. वाऱ्याने डोळ्यांवरचा गॉगल उडवून नेला आणि हवेच्या झोताने त्यांना काहीच दिसेनासे झाले. मार्गाची काळी रेषा केव्हाच सुटली होती; खुणेसाठी रोवलेला एक लोखंडी खांब अवघ्या काही इंचांनी चुकला. अखेर त्यांनी गाडी मिठावर आडवी केली. खरचटण्यापलीकडे फारसे काही झाले नाही, असे ते नंतर सहजपणे सांगत. नातवंडे खेळवण्याच्या वयाचा माणूस ताशी जवळपास तीनशे किलोमीटर वेगात आंधळा होतो आणि त्यानंतरही परत तेथे जातो, याला धैर्य म्हणावे की हट्ट, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्याशी द्यावे.

मन्रो यांची मते त्यांच्या बोलण्यापेक्षा वागण्यातून अधिक स्पष्ट होतात. विकत मिळणाऱ्या पुर्ज्यापेक्षा आपल्या हातचा पुर्जा त्यांना अधिक विश्वासाचा वाटे, कारण त्याच्या घडणीतील प्रत्येक टप्पा त्यांना ठाऊक असे. नवी, अधिक शक्तिशाली गाडी घेऊन वेग गाठणे सोपे होते. तसे करण्यात त्यांना रस नव्हता. तरुणपणी घेतलेल्या एकाच यंत्रात किती सामर्थ्य दडले आहे, याचा तळ त्यांना गाठायचा होता. म्हातारपण ही थांबण्याची सबब आहे, हे त्यांनी मान्य केले नाही. पण म्हातारपण नाहीच असे सोंगही आणले नाही. दुखणारी छाती आणि दात नसलेले तोंड घेऊनच ते धावमार्गावर उभे राहत. न्यूझीलंडचे दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन यांनी १९७१ साली त्यांच्यावर ‘ऑफरिंग्ज टू द गॉड ऑफ स्पीड’ हा माहितीपट तयार केला. पुढे चौतीस वर्षांनी चित्रपट काढला तोही डोनाल्डसन यांनीच. एका माणसाने दुसऱ्याच्या मनावर इतका दीर्घ परिणाम करावा, यातच पुष्कळ काही आले.

१९७७ साली मन्रो यांना पक्षाघाताचा झटका आला. हातापायांचा ताळमेळ पूर्वीसारखा राहिला नाही. आता आपल्याला गाडी चालवता येणार नाही हे त्यांनी ओळखले आणि दोन्ही मोटरसायकली विकून टाकल्या. अमेरिकेत त्यांना चांगली किंमत मिळाली असती. परंतु या गाड्या साउथलंडमध्येच राहाव्यात, अशी त्यांची इच्छा होती; म्हणून त्या इन्व्हरकारगिलमधील हेज यांच्या व्यवसायाकडे सोपवण्यात आल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. इन्व्हरकारगिलच्या ईस्टर्न सेमेटरीत त्यांना मूठमाती देण्यात आली. दोन वर्षेही जगणार नाही असे ज्याच्याविषयी सांगितले गेले, त्याने वैद्यकशास्त्राकडून शहात्तर वर्षे अधिक वसूल केली होती.

२००६ साली अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने त्यांचा आपल्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश केला. त्याच वर्षापासून इन्व्हरकारगिलमध्ये ‘बर्ट मन्रो चॅलेंज’ हा मोटरसायकलींचा मेळावा भरू लागला. हेज यांच्या हार्डवेअरच्या दुकानात, खिळे, बिजागऱ्या आणि बागकामाची हत्यारे यांच्या शेजारी, जगभरचे प्रवासी ती लांबट गाडी पाहण्यासाठी थबकतात. तिला यापेक्षा योग्य जागा सापडणे कठीण. ती अशाच साध्या वस्तूंतून घडली होती.

आता त्या अनपेक्षित पुराव्याकडे. १९६७ च्या विक्रमाचे आकडे पाहत असताना मन्रो यांचा मुलगा जॉन यांच्या लक्षात आले की, दोन धावांची सरासरी काढताना हिशेबात चूक झाली आहे. त्यांनी ती संबंधित संस्थेच्या निदर्शनास आणली. २०१४ साली नोंद दुरुस्त झाली आणि मन्रो यांचा विक्रम ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६.२६ किलोमीटर असा वाढला. मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी त्यांचा वेग ताशी अर्ध्या मैलाने वाढला.

अर्धा मैल म्हणजे फार मोठी गोष्ट नव्हे. पण ज्या घराला या ध्यासाची झळ सोसावी लागली, त्याच घरातील मुलाने बापाचे आकडे पुन्हा तपासावेत, आणि जे त्याचे होते ते त्याला मिळवून द्यावे, यात एक प्रकारची परतफेड आहे. बर्ट मन्रो आयुष्यभर शेडच्या कोपऱ्यात बसून धातूचा एकेक कण घासत राहिले तो नेमक्या अशाच अर्ध्या मैलासाठी. त्याचे मोल मुलाला समजले होते.